खिडकी क्रमांक तीनची चाल

अण्णा अडखळत बोलतात हे पाणीपुरवठा कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं, कारण अण्णा बोलतात हेच मुळात कुणाला माहीत नव्हतं. एकवीस वर्षं ते तळमजल्याच्या मागच्या अंगाला, रेकॉर्ड रूममध्ये बसले. कुणी फाईल मागायला आलं की ते चष्म्यावरून एकदा बघायचे, उठायचे आणि फाईल आणून हातावर ठेवायचे. या व्यवहारात एका अक्षराचीही गरज पडत नसे. कुणी गप्पा मारायला टेकलंच, तर अण्णा मान हलवायचे. आणि ती अशा बेताने की हो, नाही आणि 'बघू या' हे तिन्ही अर्थ त्यात मावावेत.

गप्प बसणारा माणूस जगात एक तर मूर्ख ठरतो, नाही तर विचारवंत. अण्णांचं कपाळ मोठं होतं, म्हणून ते विचारवंत ठरले. मुलीसाठी आलेलं स्थळ, भावाभावांतलं भांडण, गुडघ्याचं ऑपरेशन करावं की न करावं, असले प्रश्न घेऊन लोक रेकॉर्ड रूममध्ये यायचे. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी एक उसासा टाकायचे. माणूस समाधानाने परत जायचा आणि बाहेर सांगायचा, "अण्णा म्हणाले, नको." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. अण्णांची एकवीस वर्षांत दोन लाखांच्या पुढे गेली होती.

आणि मग रेकॉर्ड रूमच बंद झाली. सगळ्या फायली संगणकात चढवायचं ठरलं. फायली चढल्या, कपाटं उतरली, आणि उघड्या खोलीत अण्णा तेवढे खुर्चीसकट उरले. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचं बोलणं म्हणजे वॉशर गेलेला नळ. एकदा सुटला की खाली बादली आहे की नाही ते बघायचा नाही.

"या अण्णा, बसा, तर तुम्हाला आता कुठे ठेवायचं हा प्रश्न होता, पण मी म्हटलं प्रश्न कसला, चौकशी खिडकी, खिडकी क्रमांक तीन, तिथे लोक येऊन भांडतात, आधीचा माणूस चार महिन्यांत रक्तदाब घेऊन गेला, तिथे शांत माणूस पाहिजे आणि तुमच्याइतका शांत माणूस या इमारतीत नाही, तीन महिने बघू, जमलं तर कायम, नाही जमलं तर टेकडीवरच्या पंपघरात जागा आहे, तिथे बोलायला कुणी नाही पण जायला रस्ताही नाही, तर काय, चालेल ना?"

अण्णांना म्हणायचं होतं, 'मला जमणार नाही.' त्यांनी छातीभर श्वास घेतला, ओठ मिटले, आणि 'म'वरच गाडी थांबली.

"म... म... म..."

"मंजूर," साहेब म्हणाले. "मला वाटलंच होतं." आणि त्यांनी कागदावर सही केली.

घरी ही बातमी सांगायला अण्णांना फार त्रास पडला नाही, कारण घरी त्यांची वाक्यं काकूच पुऱ्या करायच्या. काकू म्हणजे अण्णांची बायको. त्या टपाल कचेरीत पत्रं निवडायचं काम करायच्या. अर्धवट पत्ता, फाटलेला कोपरा, पावसात पुसलेली शाई, काहीही असो. नजर टाकताच पत्र कुठल्या पिशवीत जाणार ते त्यांना कळायचं. तोच हात त्यांनी घरात चालवला. अण्णांनी पहिलं अक्षर काढलं की काकू उरलेलं वाक्य योग्य त्या पिशवीत टाकून मोकळ्या. हे सगळं मायेपोटी होतं. नवऱ्याचा अडकलेला जबडा त्यांना बघवत नसे. पण मायेचा नेम दर वेळी बसतोच असं नाही. घरातला सोफा तपकिरी होता. दुकानात अण्णा 'त'वर अडले होते. त्यांना म्हणायचं होतं, 'तसाच राहू दे जुना.'

"ख... ख..." अण्णा म्हणाले.

"खांदा दुखतोय? खोकला? खिडकी?" काकूंनी तिसऱ्या खेपेला पत्र बरोबर पिशवीत टाकलं आणि त्या मटकन खाली बसल्या. "अहो, म्हणजे दिवसभर बोलायचं?"

जिन्यावरून बातमी वर गेली. वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहत. निवृत्त झाल्यापासून त्यांना सुधारायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे अण्णांची जीभ त्यांना देणगीसारखी मिळाली. ते त्याच संध्याकाळी रुमालात बांधून तीन गुळगुळीत गोटे घेऊन आले. "हे तोंडात धरायचे आणि जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचायचं. पूर्वीचे मोठमोठे वक्ते असेच तयार झाले." काय वाचायचं हेही त्यांनी आणलं होतं. शाळेचा शेवटचा वार्षिक अहवाल, जो त्यांना समारंभात वेळेअभावी पूर्ण वाचू दिला नव्हता.

अण्णांनी तीन दिवस जिन्यात गोटे धरून अहवाल वाचला. चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनी गोटे परत मागितले, तेव्हा दोनच निघाले. तिसऱ्याबद्दल कुणी काही बोललं नाही, पण पुढचे दोन दिवस काकू अण्णांकडे वेगळ्याच काळजीने बघत होत्या.

मग मुख्याध्यापकांनी दुसरा इलाज काढला. माणसाला अचानक दचकवलं की अडलेलं सुटतं, असं त्यांचं म्हणणं. हे उचकीबद्दल खरं असेल. पण उचकी आणि अडखळणं यांत मुख्याध्यापकांनी भेद केला नाही. ते जिन्याच्या वळणावर, मीटरच्या खोक्यामागे, लिफ्टच्या दाराआड दबा धरून बसू लागले. आठवडाभरात त्यांनी अण्णांना सहा वेळा दचकवलं, तळमजल्यावरच्या गायनाच्या बाईंना चुकून दोनदा, आणि वीजमीटर वाचायला आलेल्या माणसाला एकदा. तो माणूस मीटर न वाचताच गेला तो परत आलाच नाही. अण्णा होते तिथेच होते. फक्त आता ते वळणावर थांबून आधी डोकावून बघायचे.

खरा शोध लागला तो लेकीला. ती एका दवाखान्यात क्ष-किरण काढायची, त्यामुळे वरवर न दिसणाऱ्या गोष्टींकडे बघायची तिला सवय होती. एका सकाळी ती न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी राहिली आणि अण्णा बाहेर आल्यावर म्हणाली, "अण्णा, तुम्ही आत अख्खं गाणं म्हणालात. एकदाही अडला नाहीत."

अण्णांनी खांदे उडवले. त्यात काय, गाताना ते कधीच अडत नसत. ही लेक तान्ही होती तेव्हा तिला झोपवायला एक चाल गुणगुणता गुणगुणता त्यांनी त्यात काय काय कोंबलं होतं. वाण्याची यादी, साहेबांबद्दलचं मत, रागावलेल्या मेव्हण्याला द्यायची उत्तरं. सगळं सुरळीत निघायचं. पण गाणं ते गाणं आणि बोलणं ते बोलणं. गळा एकच असला तरी हे दोन वेगळे भाडेकरू आहेत आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही, असं अण्णा धरून चालले होते.

लेकीने त्यांना स्पीच थेरपिस्टकडे नेलं. वास्तविक ज्याला 'स्पीच थेरपिस्ट' हे शब्द म्हणता येतात त्याला तिकडे जायची गरजच नसते. पण नाव ठेवणारे लोक हा विचार करत नाहीत. बाई लेकीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी अण्णांना पत्ता विचारला. अण्णा घराच्या नंबरावर अडले. बाई थांबल्या. पुढे झुकल्या नाहीत, मान हलवली नाही, शब्दही पुरवला नाही. मग म्हणाल्या, "आता तोच पत्ता गाऊन सांगा."

अण्णांनी लेकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि त्या जुन्या चालीवर नंबर, मजला, गल्ली, पिन कोड असा सगळा पत्ता सलग सांगून टाकला. पिन कोडवर एक छोटीशी तानही आली.

"गाताना श्वास आधी सुटतो आणि शब्द त्याच्यावर बसतो," बाई म्हणाल्या. "स्वर लांबतात. पुढचं अक्षर कधी यायचं ते चालीने ठरवून ठेवलेलं असतं. आणि गाताना आपण कुणाला उत्तर देत नसतो, त्यामुळे धाक नसतो. पण काका, हे औषध नाही. गाण्यातून बोलण्यापर्यंत पायरी पायरीने उतरायचं आहे. आधी पूर्ण गाऊन, मग अर्धं, मग नुसता पहिला स्वर सैल सोडून. सहा महिने तरी घरी सराव करा, तोवर बाहेर प्रयोग नको. आणि थोडं अडणं राहील कदाचित. राहिलं तर राहू द्या, त्याच्याशी कुस्ती खेळू नका."

अण्णांनी यातलं 'गाऊन' तेवढं ऐकलं. सोमवारी खिडकीवर रुजू व्हायचं होतं, आणि सहा महिने काही सोमवारच्या आत बसत नव्हते.

सोमवारी खिडकी उघडली तेव्हा रांगेत पहिला एक शिंपी होता, गळ्यात टेप, चेहऱ्यावर आठ दिवसांचा राग. "अर्ज दिलाय नळाचा. थेंब नाही घरात. काय झालं त्या अर्जाचं?"

"अ... अ..."

"अ काय?"

"अ..." अण्णांच्या मानेची शीर फुगली. मागून कुणीतरी म्हणालं, "झोपला काय रे तो?" दुसरा म्हणाला, "मशीन अडकलं असेल." अण्णांच्या डोळ्यांपुढे टेकडी आली, टेकडीवरचं पंपघर आलं, आणि नक्की काय झालं ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही, पण डोळे मिटले गेले आणि तोंडातून लेकीला झोपवायची ती चाल निघाली.

"अऽऽर्ज क्रमांऽऽक सांगा हो, ताऽऽरीख सांगा, ताऽऽरीख..."

रांगेतल्या माना खिडकीकडे वळल्या. शिंप्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग घसा साफ करून त्याने क्रमांक सांगितला, आणि त्याच्याही नकळत तो चालीतच सांगितला.

अण्णांनी संगणकात पाहिलं. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. अर्ज कुणाच्या टेबलावर, कुठल्या गठ्ठ्यात, किती दिवस पडलाय हे संगणकावर स्वच्छ दिसायचं. पण आधीचा माणूस फक्त 'प्रक्रियेत आहे' एवढंच सांगायचा. तशी पद्धतच होती. 'प्रक्रियेत' हा शब्द अण्णांना बोलता येत नव्हता आणि गाताही येत नव्हता. तो कुठल्याच चालीत बसत नाही. तेव्हा अण्णांना सोपे शब्द शोधावे लागले, आणि सोपं म्हणजे जे दिसत होतं ते.

"अर्ज तुमचा वऽऽर आहे, मंऽऽगळवारपासून, साऽऽहेबांच्या टेबलावर, उऽऽजव्या गठ्ठ्यात..."

शिंपी वर गेला आणि साहेबांच्या उजव्या गठ्ठ्यावर बोट ठेवून उभा राहिला. दुपारी त्याच्या घरी पाणी आलं.

मग काय विचारता. चार दिवसांत खिडकी क्रमांक तीनची रांग दाराबाहेर गेली. भांडायच्या तयारीने आलेली माणसं दोन ओळींत मवाळ व्हायची, कारण अंगाईवर भांडता येत नाही. दारावरचा पहारेकरी अकराच्या सुमाराला डुलक्या घेऊ लागला. काम नसलेले पेन्शनर वर्तमानपत्र घेऊन बाकावर येऊन बसू लागले. मुख्याध्यापक त्यांच्यामध्ये बसून हे गोट्यांचं फळ आहे असं सगळ्यांना सांगू लागले. गायनाच्या बाई दोनदा दचकवल्याचा राग विसरून मुद्दाम ऐकायला आल्या आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाल्या, "अण्णा, सूर ठीक आहे, पण सगळ्यांना एकच चाल लावता हे बरं नाही. गळतीची तक्रार द्रुत लयीत घ्या. मीटर बदलायचा अर्ज विलंबित. आणि नळ तोडल्याची तक्रार असेल तर वरचा षड्ज लावूच नका, माणूस आधीच दुखावलेला असतो." त्यांनी वहीत तक्ता करून दिला.

अण्णांनी तक्ता घेतला, पण आतून ते खट्टू झाले होते. त्याचं असं झालं होतं की त्या दिवशी एका गळक्या व्हॉल्व्हची माहिती देऊन झाल्यावर बाकावरून टाळ्या पडल्या. एकवीस वर्षांत अण्णांना इतकं अपमानित वाटलं नव्हतं. वर एका गृहस्थाने खिडकीत वाकून विचारलं, "नातीच्या वाढदिवसाला याल का? फार नाही, तासभर." अण्णांना सांगायचं होतं की मी वरिष्ठ लिपिक आहे. पण ते बोलायला अर्धा मिनिट लागलं असतं, आणि गाऊन सांगणं म्हणजे त्या गृहस्थाचं म्हणणं कबूल करण्यासारखं होतं.

त्यातून विचारवंतपणही गेलं. तोंड उघडलं आणि एकवीस वर्षांचं साचलेलं वाहायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत अण्णा सहकाऱ्यांना राजकारणापासून चपलांपर्यंत सगळ्यांवर मतं ऐकवू लागले, सुरात. आणि ती मतं इतरांसारखीच निघाली. रेकॉर्ड रूममधल्या उसाशावर विसंबून गुडघ्याचं ऑपरेशन न केलेले एक गृहस्थ लंगडत आले आणि म्हणाले, "अण्णा, म्हणजे तेव्हा तुम्हाला काहीच म्हणायचं नव्हतं?" अण्णांनी खरं ते गाऊन सांगितलं. ते गृहस्थ पुन्हा बोलले नाहीत.

घरी काकू वैतागल्या होत्या. "अहो, मीठ तरी सरळ मागा. आमच्या टपाल कचेरीत बायका विचारतात, तुमचे मिस्टर हल्ली कुठल्या खिडकीवर असतात गायला?" पण वैताग निराळाच होता. अण्णा गायला लागल्यापासून वाक्यं पुरी व्हायची, आणि काकूंच्या पिशव्या रिकाम्या राहायच्या.

साहेबांच्या कानावर हे सगळं गेलं ते निराळ्या वाटेने. एक दिवस ते वऱ्हांड्यातून जात असताना अख्खी रांग हळू आवाजात गुणगुणत होती, 'साऽऽहेबांच्या टेबलावर, उऽऽजव्या गठ्ठ्यात.' चाल सोपी होती, शब्द रोज तेच असायचे, लोकांना ते पाठ झाले होते. साहेब केबिनमध्ये परत गेले. त्यांनी उजवा गठ्ठा उचलून डाव्या बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी शब्द बदलला.

तिसऱ्या दिवशी अण्णांना मेमो मिळाला. कार्यालयीन वेळेत, कार्यालयीन आसनावरून, विनापरवाना गायन केल्याबद्दल खुलासा करावा.

अण्णा आस्थापना विभागात गेले. तिथले कारकून, ज्यांना सगळे आस्थापनावाले म्हणत, नियमांच्या पुस्तकाशिवाय जेवायलाही बसत नसत. त्यांनी मन लावून पुस्तक चाळलं. "गायनाला मनाई नाही," ते म्हणाले. "वैद्यकीय कारण असेल तर परवानगी देता येते. दाखला आणा, की तुम्हाला बोलताना अडचण येते."

लेकीने दवाखान्यातून दाखला आणला. आस्थापनावाल्यांनी तो तीनदा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्याला कोड्याचं उत्तर सापडावं तसा आनंद पसरला. "आता पंचाईत आहे. खिडकीवरच्या माणसाला स्पष्ट वाणी असली पाहिजे, असा नियम आहे. तुम्हाला अडचण येते असा दाखला दिलात, म्हणजे तुम्ही खिडकीला अपात्र. तुमची रवानगी पंपघरावर."

"आणि दाखला मागे घेतला तर?" लेकीने विचारलं.

"मग वाणी स्पष्ट आहे. मग गाण्याचं कारण काय? मग शिस्तभंग." त्यांनी पुस्तक प्रेमाने मिटलं. "शिस्तभंगाचीही रवानगी पंपघरावरच. रस्ता एकच आहे."

रस्ता नव्हताच, ही गोष्ट वेगळी. अण्णा पुरते कात्रीत सापडले. चौकशी समिती नेमली गेली. साहेब, आस्थापनावाले, आणि मुख्य कचेरीतून येणाऱ्या एक बाई. अण्णांनी तोंडी निवेदन करायचं होतं, आणि पत्रात खाली अधोरेखित ओळ होती, 'निवेदन गद्यात असावे.'

निवेदन तयार करायला अख्खी इमारत बसली. मुख्याध्यापकांनी सुरुवातीला समितीचे, इमारतीचे आणि पाण्याचे आभार घातले. गायनाच्या बाईंनी श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा केल्या. थेरपिस्ट बाईंकडे अण्णा गेले तेव्हा त्या सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "मी सहा महिने म्हटलं होतं." मग त्यांच्या अवघडलेल्या चेहऱ्याकडे बघून हसल्या. "जाऊ दे. पहिला स्वर सैल सोडा. अडलात तर अडा. तुम्ही अडणं लपवायला जेवढं बळ लावता ना काका, तेवढ्यात पंप चालेल."

चौकशीच्या दिवशी नियमाप्रमाणे एक साहाय्यक नेता येत होता. काकूंनी रजा टाकली. "तुम्ही फक्त सुरुवात करा," त्या पायऱ्या चढताना म्हणाल्या, "पुढचं मी बघते."

मुख्य कचेरीतल्या बाई वयस्कर होत्या. जाड कागदांचा गठ्ठा आणि एक शाईचं पेन घेऊन बसल्या होत्या. टायपिस्ट रजेवर असल्यामुळे सगळं त्यांना हातानेच उतरवून घ्यायचं होतं.

"बोला," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर तक्रार काय आणि तुमचं म्हणणं काय?"

अण्णांनी श्वास सोडला. "सा... सा..."

"साहेबांचा काही दोष नाही," काकू म्हणाल्या.

साहेबांनी मान डोलावली. बाईंनी पेन टेकवलं. आणि अण्णांना एकदम दिसलं की आता हे वाक्य कागदावर जाणार, त्याखाली आपली सही होणार, आणि आपण न बोललेलं हे वाक्य आपल्याला पंपघरावर पोचवून येणार. त्यांनी काकूंच्या हातावर हात ठेवला. रागाने नाही. चोवीस वर्षांत त्यांनी असा हात कधी ठेवला नव्हता, त्यामुळे काकूंचं तोंड उघडंच राहिलं.

"न... न... नको," अण्णा म्हणाले. "म-मी ब-बोलतो."

आणि ते बोलले. ना चाल, ना तान. पहिला स्वर सैल सोडायचा प्रयत्न केला. तो दर तीन शब्दांत एकदा जमला, दोनदा नाही. 'स'वर अडले. 'ट'वर अडले. 'टेबल' या शब्दापाशी तर इतका वेळ गेला की आस्थापनावाल्यांनी घड्याळ बघितलं आणि साहेब म्हणाले, "टेबल, टेबल म्हणायचंय त्यांना, लिहून घ्या की."

"ते म्हणतील," बाई मान वर न करता म्हणाल्या.

अण्णांनी म्हटलं. साहेबांच्या टेबलावर एकशे बारा अर्ज आहेत. सर्वांत जुना अकरा महिन्यांचा, बाकीचे अमुक अमुक तारखांचे. नव्वद अर्ज फक्त सहीसाठी थांबलेत. मी गायलो कारण मला बोलता येत नव्हतं, आणि गाण्यात जे सांगितलं ते संगणकात आहे. प्रत्येक अडण्यापाशी त्यांच्या कानशिलावरून घाम उतरत होता. काकू पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. अक्षरं त्यांच्या ओठांपर्यंत येत होती आणि परत जात होती. अर्धा तास गेला. अण्णा थांबले तेव्हा बाईंनीही त्याच क्षणी पूर्णविराम दिला.

"एक शब्द सुटला नाही," त्या पेनचं टोक पुसत म्हणाल्या. "तीस वर्षांत पहिल्यांदा हात बोलण्याला पुरला." मग त्या साहेबांकडे वळल्या. "आता तुम्ही."

साहेबांचा नळ सुटला. अर्ज कसे येतात, माणूसबळ कसं नाही, प्रक्रिया म्हणजे काय, गायनाने कार्यालयाची प्रतिष्ठा कशी जाते, सगळं त्यांनी चार मिनिटांत, एका दमात सांगितलं. बाई दोनदा म्हणाल्या, "जरा सावकाश." तिसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नुसत्या बघत राहिल्या.

खात्यात जे कागदावर असतं तेच घडलेलं असतं. त्या दिवसाच्या कागदांवर अण्णांचं निवेदन सात पानं होतं, तारखांसकट. साहेबांचं तीन ओळी. त्यातली एक 'जरा सावकाश' ही होती.

जिना उतरताना काकू शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "एकशे बारा? मला वाटलं तुम्ही 'साहेबांनी सांभाळून घ्यावं' म्हणणार." आणि मग, जरा वेळाने, "मी तर पत्र भलत्याच गावाला टाकलं असतं."

निकालाला दोन महिने लागले. तो असा होता. गायन बंद. अण्णा पुढील आदेशापर्यंत खिडकी क्रमांक तीनवरच. स्पष्ट वाणीच्या नियमाचा अर्थ काय, हे ठरवायला वेगळी समिती. एकशे बारा अर्ज पंधरा दिवसांत निकाली काढावेत. आणि खिडकीवर पाटी लावावी, 'येथे उत्तर मिळण्यास वेळ लागेल.' त्या इमारतीतल्या सगळ्याच खिडक्यांवर ती पाटी लावता आली असती, पण बाकीच्यांनी दाखला दिला नव्हता.

बाकावरचे पेन्शनर पांगले. मुख्याध्यापक म्हणाले की तिसरा गोटा हरवला नसता तर गाण्याची गरजच पडली नसती. पहारेकरी पुन्हा जागा राहू लागला. अण्णा घरी थेरपिस्ट बाईंच्या पायऱ्या उतरत होते आणि खिडकीवर जसं येईल तसं बोलत होते. रांग थोडी कुरकुरायची, पण उत्तर खरं मिळतं म्हणून थांबायची.

अशात एका बुधवारी खिडकीसमोर एक मध्यमवयीन बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात पिशवी, पिशवीत कागद. त्यांनी तोंड उघडलं आणि "म..." वर त्या थांबल्या. डोळे मिटले, हनुवटी वर गेली. "म... म..."

अण्णांना ती हनुवटी ओळखीची होती. या क्षणी काय करायचं हे त्या अख्ख्या शहरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण तो अडकलेला जबडा त्यांच्याच्याने बघवेना. जीव कळवळला, आणि तोंडून निघून गेलं, "मीटर?"

बाईंनी डोळे उघडले. मान हलवली. नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

अण्णांचे कान तापले. आजवर आपली चुकीच्या पिशवीत टाकली गेलेली सगळी वाक्यं त्यांना एकदम आठवली, आणि टाकणाऱ्या माणसाचा जीव कसा होत असेल तेही पहिल्यांदाच कळलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "म-म-माफ..." ते म्हणाले आणि 'करा'वर अडले.

बाई थांबल्या. त्यांनी 'करा' पुरवलं नाही. अण्णांचं झाल्यावर त्यांनी आपलं सुरू केलं. मुख्य झडप. चौथी गल्ली. सहा आठवडे गळतेय. अण्णांनी विचारलं, पूर्वेकडची की पश्चिमेकडची. त्यांनी सांगितलं. दोघांचं मिळून अकरा मिनिटं लागली.

झडप दुसऱ्या दिवशी सकाळी बदलली गेली. कारण त्या अकरा मिनिटांत रांगेतल्या चाळीसही माणसांना तिची गल्ली, बाजू आणि आठवडे तोंडपाठ झाले होते, आणि ती सगळी माणसं वर जाताना ते म्हणत म्हणत साहेबांच्या दारावरून गेली.